‘पाच मिनिटे ऑर्डर अडकल्या, बिलेही दोनदा गेली’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

आमच्या काफ्का (ॲप्लिकेशनांमधील संदेश साठवून पुढे पोहोचवणारी प्रणाली) होस्टिंग सेवेला एकच तारा देऊन आपण लिहिले आहे की, एक सर्व्हर बंद पडल्यावर आम्ही पाच मिनिटे जुनाच मेटाडेटा (कोणता संदेश कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचा याची माहिती) वापरत ठेवला, त्यामुळे ऑर्डर टाइमआउट झाल्या, काहींना दोनदा बिले गेली आणि वर आम्ही दोष आपल्या कोडवर ढकलला. ऐन गर्दीच्या वेळी आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. फोनवर आपल्याला ताटकळावे लागले, याचेही वाईट वाटते.

मात्र ‘पाच मिनिटे’ हा उल्लेख अन्यायकारक आहे आणि त्यावर आम्हाला गप्प बसता येत नाही. मेटाडेटा मॅक्स एज (किती वेळाने मेटाडेटा नव्याने घ्यायचा) हे सेटिंग आमच्या सर्व्हरवर नसते, ते आपल्या प्रोड्यूसरमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. त्याचे मूळ मूल्य ५ मिनिटे आहे हे खरे, पण ती मुदत सगळे सुरळीत चालू असतानाची आहे. ज्याच्याकडे पार्टिशनचे (संदेशांच्या एका विभागाचे) नेतृत्व, म्हणजे त्यातील नोंदी स्वीकारण्याचे काम, उरलेले नाही अशा ब्रोकरने (काफ्काच्या सर्व्हरने) ‘मी लीडर नाही’ असे कळवले किंवा जोडणी तुटली, की क्लायंट (येथे आपला प्रोड्यूसर) मुदतीची वाट न पाहता नवा मेटाडेटा मागतो. त्या संध्याकाळी आमचे एक यंत्र अचानक बंद पडले, हे आम्ही कधीही नाकारलेले नाही. परंतु आमच्या क्लस्टरमध्ये (ब्रोकरांच्या समूहात) एखाद्या ब्रोकरकडून ९ सेकंद हार्टबीट, म्हणजे चालू असल्याचा संकेत, आला नाही की कंट्रोलर (समूहावर देखरेख करणारा भाग) त्या ब्रोकरला बाद करून नवा लीडर नेमतो, आणि तो तसाच नेमला गेल्याची नोंद आम्ही आपल्याला त्याच रात्री पाठवली होती.

मग ऑर्डर का अडकल्या? वीज गेलेले यंत्र जोडणी तोडल्याचे कळवत नाही. त्याच्याकडे आधीच गेलेल्या विनंत्यांसाठी क्लायंट रिक्वेस्ट टाइमआउट संपेपर्यंत थांबतो, मग जोडणी सोडून नव्या लीडरचा पत्ता विचारतो आणि तोच संदेश पुन्हा पाठवतो. काफ्कात ही मर्यादा मुळात ३० सेकंदांची असते आणि पुनर्प्रयत्न धरून पूर्ण डिलिव्हरी टाइमआउट १२० सेकंदांचा असतो. आपण या दोन्ही मर्यादा २० सेकंदांवर आणल्या होत्या. (आपण जाहीरपणे लिहिलेत म्हणूनच हे येथे सांगावे लागत आहे, एरवी ग्राहकाची सेटिंग आम्ही चारचौघांत मांडत नाही.) त्यामुळे पहिली विनंती संपताच एकूण वेळही संपला, नवा लीडर तयार असूनही पुनर्प्रयत्नाला जागा उरली नाही, आणि प्रोड्यूसरने आपल्या ॲप्लिकेशनला टाइमआउटची चूक कळवली. त्यानंतरच्या ऑर्डर अर्ध्या मिनिटाच्या आत नव्या लीडरकडे नोंदल्या जात होत्या.

दुहेरी बिलांचे मूळही येथेच आहे. टाइमआउट म्हणजे संदेश पोहोचला नाही असे नव्हे. पत्र पोहोचूनही पोचपावती वाटेत हरवावी, तसे येथे झाले. यंत्र बंद पडण्यापूर्वी काही ऑर्डर इतर ब्रोकरांवरील प्रतींमध्ये लिहिल्या गेल्या होत्या, फक्त उत्तर आपल्यापर्यंत आले नाही, आणि आपल्या ॲप्लिकेशनने त्या नव्याने पाठवल्या. काफ्काचा आयडेम्पोटंट प्रोड्यूसर स्वतःच्या पुनर्प्रयत्नांतील दुहेरी नोंदी टाळतो, कारण त्या प्रोड्यूसरने संदेशाला दिलेल्या मूळ क्रमांकानेच जातात. ॲप्लिकेशनने पुन्हा दिलेला संदेश मात्र नवा क्रमांक घेऊन येतो आणि ब्रोकरसाठी तो वेगळाच ठरतो. म्हणूनच बिल तयार करणाऱ्या भागात ऑर्डर क्रमांक तपासून दुसरी नोंद गाळावी, असे सेवा सुरू करताना आम्ही लेखी सुचवले होते. हे सांगणे म्हणजे दोष ढकलणे नव्हे. ज्याची बिले दोनदा जात आहेत त्याला कारण न सांगणे आम्हाला अप्रामाणिक वाटले असते.

दर महाग असल्याचे आपले मत आहे, त्यावर वाद नाही. आमची कंपनी छोटी आहे, नवे ग्राहक फोन करण्याआधी हेच अभिप्राय वाचतात, आणि रात्रभर जागून आपले क्लस्टर सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना ‘बेफिकीर’ हा आपला शब्द फार लागला आहे. संध्याकाळच्या फोनची व्यवस्था आम्ही सुधारत आहोत, आणि टाइमआउटच्या सेटिंगबाबतची माहिती नव्या ग्राहकांना अधिक ठळकपणे देण्याचाही विचार आहे. आपण डिलिव्हरी टाइमआउट पुन्हा १२० सेकंदांवर नेण्यास तयार असाल, तर एक ब्रोकर मुद्दाम बंद करून आपल्या चमूसमोर चाचणी घेऊ. त्यासाठी वेगळे शुल्क आकारणार नाही. पाच मिनिटांचा उल्लेख तेवढा आपण अभिप्रायातून दुरुस्त करावा, ही नम्र विनंती.