डोकं वापरायची सोयच ठेवली नाही!

‘एल्डर स्क्रोल्स’ ही व्हिडिओ गेमची मालिका काढणाऱ्यांनो, खेळणाऱ्याला काय ठोंब्या समजता? २००२च्या मॉरोविंड या भागात गेममधली माणसं तोंडी पत्ता सांगायची, अमुक टेकडीमागे, पूल ओलांडून डावीकडे. चुकायचो, शिव्या घालायचो, पण शोधायचो! पुढच्या ऑब्लिव्हियन या भागापासून पडद्यावरच्या कंपासवर आयती खूण. जा नाकासमोर!

मॉरोविंडमध्ये पात्राची कौशल्यं २७, ऑब्लिव्हियनमध्ये २१, त्यापुढच्या स्कायरिममध्ये १८. पुढच्यात काय, एकच बटण? हवेत तरंगायचा मंत्र गेला, मग स्वतःचे मंत्र बनवणंही गेलं. आलं काय? घोड्याचं चिलखत, तेही वेगळे पैसे मोजून!

आणि स्कायरिम तर पुन्हा पुन्हा बाजारात, २०११, २०१६, २०१७, २०२१... तेच भांडं, नवी कल्हई! सहाव्या भागाची झलक २०१८ साली दाखवलीत. डोंगर आणि गेमचं नाव, बस्स. तेवढ्यावर अजून किती वर्षं टाळ्या पिटायच्या?