'तलाव रिकामाच करा' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

हिवाळ्यात बंद ठेवलेल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी कसं राखावं, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की कोणी पोहत नसताना पाणी तपासणं हा वेळेचा अपव्यय आहे, थंडीत शेवाळ धरत नाही, लेखात आकड्यांचा भडिमार आहे आणि 'सरळ तलाव रिकामा करा, उन्हाळ्यात नवं पाणी भरा, बाकी सगळी केमिकल विकणाऱ्यांची भाषा आहे.'

मतभेद असू द्या. पण हे शेवटचं लिहिण्याआधी लेख पूर्ण वाचायला हवा होता. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७.५ च्या आसपास असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारायच्या कामी येतो. तोच ८ वर गेला की जेमतेम पाव भाग उरतो आणि माणूस डब्यामागून डबे ओतत बसतो. पाणी तपासा म्हणतो ते डबे वाचावेत म्हणूनच. मी आजवर कुणाची पावडर विकलेली नाही. माझं उभं आयुष्य तलावांच्या पंपघरांत गेलंय. तुमचं ते वाक्य मला लागलं, हे लपवत नाही. न ओळखता कुणाच्या हेतूवर बोट ठेवणं बरं नव्हे.

आता 'रिकामा करा'बद्दल. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ३७५ टन पाणी मावतं. हेच वजन टाकीला जमिनीत दाबून धरतं, कारण बाहेरून भूजल तिला वर ढकलत असतं. भूजल वर असताना तलाव रिकामा केला, तर रिकामं पातेलं पाण्यात दाबून सोडल्यावर उसळतं तशी टाकी उचलली जाऊ शकते.

हे मी पाहिलेलं आहे. एका ठिकाणी असाच सल्ला ऐकून तलाव उपसला होता. खोल बाजूला तळाच्या मधोमध फुगवटा आला होता, टाइल्स सांध्यांतून सुटून तिरक्या उभ्या होत्या, भेगेतून गढूळ पाणी आत झिरपत होतं. तळ फोडून पुन्हा करावा लागला. भूजलाचा दाब सोडायला तळाशी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो, हे मला माहीत आहे. गाळाने घट्ट बसलेले, न उघडणारे व्हॉल्व्हही मी हाताने साफ केलेत. आणि लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला तलाव असेल तर पाणी काढल्यावर लायनर आकसतं, पुन्हा भरताना फाटू शकतं.

एक मान्य. जमिनीवर उभे करायचे छोटे, घडीचे तलाव रिकामे करून, नीट वाळवून ठेवणंच योग्य. तिथे तुमचा सल्ला बरोबर आहे. पण माझा लेख बांधीव तलावांबद्दल आहे आणि ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

शेवाळाचं म्हणाल, तर पाणी १० अंशांखाली असलं की त्याची वाढ फार मंदावते. १५ च्या वर गेलं की ते पुन्हा जोर धरतं. तुम्ही पाण्याचं तापमान मोजलंय का? न मोजता 'धरत नाही' म्हणत असाल तर पुढे बोलणंच खुंटलं.

आकडे मी काढणार नाही. पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तितके भाग, एवढं बघायला पाणी तपासायची पट्टी बुडवून मिनिटभर थांबावं लागतं.

तरीही रिकामा करणारच असाल, तर आधी शेजारी खड्डा घेऊन भूजल किती खोलीवर आहे ते पाहा आणि व्हॉल्व्ह मोकळा आहे ना, याची खात्री करा. माझ्यावर राग ठेवा हवा तर, पण एवढं करा.