ग्लॉक म्हणे विकला गेला होता!

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर भाच्याचा फॉरवर्ड आला. वय वर्षं पंधरा, फॉर्म्युला वन बघायला लागून जेमतेम दीड वर्ष. वर तीन लाल दिवे आणि मथळा: 'हॅमिल्टनचं पहिलं विजेतेपद विकत घेतलेलं! २००८ च्या ब्राझील ग्रां प्रीचं दडवलेलं सत्य.' खाली पाच मुद्दे. त्याखाली ताईचा अंगठा, जिने जन्मात एकही रेस बघितलेली नाही. आणि दाजींचं 'पैसा फेका, काहीही होतं'. झोप उडालीच.

मी ती रेस बघितली आहे. २ नोव्हेंबर २००८, दिवाळी होऊन पाच दिवस झालेले, चिवड्याच्या डब्याचा तळ लागलेला. साओ पावलोत दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. सुरू व्हायच्या तोंडावर पाऊस आला म्हणून सुरुवातच दहा मिनिटं लांबली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे चोळत बसलो होतो, त्यामुळे विसरणं शक्य नाही.

नवख्यांसाठी हिशेब सांगतो. रेसआधी मॅकलॅरेनच्या लुइस हॅमिल्टनचे ९४ गुण, फेरारीच्या फिलिपे मासाचे ८७. मासा जिंकला तर हॅमिल्टनला निदान पाचवा नंबर हवा. सहावा आला तर दोघेही ९७ वर, आणि मग जास्त रेस जिंकल्या म्हणून मासा विजेता. मासा जिंकला. हॅमिल्टन शेवटच्या लॅपच्या शेवटच्या खऱ्या वळणावर, जुन्साओला, टिमो ग्लॉकला मागे टाकून पाचवा आला. ९८ विरुद्ध ९७.

फॉरवर्डचा पहिला मुद्दा: टोयोटाच्या ग्लॉकने पैसे घेऊन मुद्दाम गाडी हळू केली.

बरं. मग यार्नो ट्रुलीनेही पैसे घेतले होते का? ट्रुली हा त्याच टोयोटा संघाचा दुसरा ड्रायव्हर. शेवटच्या काही लॅपना पाऊस परत आला तेव्हा बाकीचे पुढचे सगळे पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, जाऊन इंटरमीडिएट, म्हणजे ओल्या ट्रॅकचे, टायर लावून आले. टोयोटाने जुगार खेळला आणि दोघांनाही कोरड्याच्या टायरवर बाहेर ठेवलं. आता अधिकृत लॅप टाइमचा तक्ता बघा. शेवटचा लॅप, ग्लॉक १ मिनिट ४४.७ सेकंद, ट्रुली १ मिनिट ४४.८. कोरड्या ट्रॅकवर हाच लॅप १ मिनिट १३-१४ सेकंदांचा. म्हणजे दोघेही अर्ध्या मिनिटाने हळू, आणि एकमेकांत जेमतेम एक दशांश सेकंदाचा फरक. ट्रुली तर आठवा होता, त्याच्याकडे कॅमेऱ्याचंही लक्ष नव्हतं. तो कोणासाठी नाटक करत होता?

शिवाय २००८ हे ट्रॅक्शन कंट्रोल काढून टाकल्याचं पहिलं वर्ष. चाक फिरायला लागलं तर सावरणारं गाडीत काही नाही, सगळं ड्रायव्हरच्या उजव्या पायावर. पहिल्या पावसात झिजलेल्या टायरची स्कूटर घेऊन घाट चढून बघा, म्हणजे कळेल. जुन्साओनंतर रेषेपर्यंत चढच आहे. हॅमिल्टन पुढे गेल्यावरही तेवढ्या चढात ग्लॉक त्याच्यापेक्षा पाच सेकंदांहून जास्त मागे पडला. काम झाल्यावर नाटक चालू ठेवायचं कशाला?

आणि जे कोणीच लक्षात घेत नाही ते वेगळंच. टायर बदलायच्या आधी ग्लॉक हॅमिल्टनच्या मागे होता. तोही सगळ्यांसारखा पिटमध्ये गेला असता तर मागेच राहिला असता, आणि मागून येणाऱ्या टोरो रोसोच्या फेटेलने हॅमिल्टनला गाठल्यावरही हॅमिल्टन पाचवाच आला असता. ग्लॉक बाहेर राहिला म्हणून तो चौथा झाला, हॅमिल्टन आधी पाचवा आणि मग सहावा झाला, आणि मासाच्या हातात विजेतेपद आलं. ग्लॉकने ते मासाकडून काढून घेतलं नाही, उलट दोन-तीन लॅपपुरतं तोच देऊन गेला. हॅमिल्टनला जिंकवायला पैसे घेतलेला माणूस आधी हॅमिल्टनलाच खड्ड्यात घालतो, मग शेवटच्या वळणावर पाऊस वाढेल या भरवशावर बसतो? असा कट रचणाऱ्याने आधी हवामान खात्यात नोकरी धरावी.

दुसरा मुद्दा: ग्लॉक जर्मन, मॅकलॅरेनचं मर्सिडीज इंजिन जर्मन, टोयोटाचा संघही जर्मनीत, म्हणून साटंलोटं. टोयोटाचा संघ कोलोनला होता, हे खरं. पण हॅमिल्टनला मागे टाकून सहाव्यावर ढकलणारा सेबॅस्टियन फेटेल कुठला? तोही जर्मन, आणि त्याच्या टोरो रोसोत इंजिन फेरारीचं. या न्यायाने तर फेटेल मासाचा माणूस. बरं, ग्लॉकला जुन्साओच्या जवळ दोघांनी मागे टाकलं, आधी फेटेलने, मग हॅमिल्टनने. फेटेल चौथा आला. त्याला फुकटात सोडलं का?

तिसरा मुद्दा, समालोचक मार्टिन ब्रंडल 'हा ग्लॉक आहे का?' असं ओरडला, म्हणजे त्यालाही संशय आला. समोर गाडी अचानक हळू दिसली की कोणीही हेच ओरडेल. पुढे.

चौथा, फेरारीच्या गॅरेजमध्ये मासाच्या घरच्यांचा जल्लोष सुरू झाला होता, म्हणजे निकाल बदलला. मासाने रेषा ओलांडल्यावर हॅमिल्टन साधारण ३९ सेकंदांनी आला. तेवढा वेळ ते नाचले, मग कोणीतरी सांगितलं. मी स्वतः सोफ्यावर उभा राहून ओरडलो होतो मासासाठी, मग माझ्या घरातही निकाल बदलला म्हणायचा का?

पाचवा मुद्दा मासाच्या कोर्टातल्या दाव्याचा. त्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मासाने २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टात एफआयए (या खेळाची नियामक संस्था), फॉर्म्युला वन कंपनी आणि तिचा तेव्हाचा प्रमुख बर्नी एकलस्टोन यांच्यावर दावा लावला, हे खरं. २००८ मध्ये एक रेस खरोखर फिरवली गेली, हेही खरं. पण ती सिंगापूरची, २८ सप्टेंबरची. रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने ठरवून गाडी भिंतीवर घातली, म्हणजे सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार येऊन त्याच्याच संघातल्या अलोन्सोला फायदा व्हावा. त्या गोंधळात पहिल्या नंबरवरचा मासा पिटमधून इंधनाचा पाइप तसाच लावून निघाला आणि तेरावा आला. २००९ मध्ये हे बाहेर आलं, संघाचे कर्तेधर्ते ब्रियातोरे आणि सायमंड्स यांना रेनो सोडावं लागलं. मासाचा दावा त्याबद्दल आहे, ग्लॉकबद्दल नाही. सिंगापूरच्या चोरीचा गुन्हा ब्राझीलच्या रेसमधल्या ग्लॉकवर कसला लावता?

आणि नशिबाचाच हिशेब मांडायचा तर त्याच वर्षीची स्पाची, म्हणजे बेल्जियमची, रेस पण मांडा. तिथे हॅमिल्टन पहिला आला, मग २५ सेकंदांची शिक्षा होऊन तिसऱ्यावर गेला आणि विजय मासाला मिळाला. फॉरवर्डमध्ये हे नाही. सोयीचं नाही ना.

या बिनबुडाच्या गोष्टीपायी ग्लॉकला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, त्याने स्वतः सांगितलंय. मासाने मात्र त्या संध्याकाळी पोडियमवर रडत छातीवर हात मारला आणि घरच्या प्रेक्षकांना अभिवादन केलं. तक्रार कोणाची केली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, सोबत लॅप टाइमचा तक्ता, ग्लॉक आणि ट्रुलीच्या ओळींवर पिवळी खूण करून. ताईचा पुन्हा अंगठा. दाजी गप्प. दहा मिनिटांनी भाच्याचा मेसेज आला: "मामा, ट्रुली कोण?"