ती एकटी होडी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मूळ फोटो उघडून बसले. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते: ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटाच्या लगूनचा (प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्याचा) माझा पॅनोरमा हा फोटो नसून गोधडी आहे, पाण्याला रंग चढवलाय, प्रवाळभिंत धनुष्यासारखी वाकवलीय, आकाशात डावीकडे डाग पडलाय आणि उजवीकडचं पाणी धुऊन निघालंय, ज्या डोंगरांसाठी बेट ओळखलं जातं तेच गायब आहेत, आणि मोबाइल फिरवून जे होतं त्यासाठी ट्रायपॉडचा खटाटोप कशाला. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘सगळ्या चित्रात खरी वाटते ती फक्त ती एकटी होडी.’

गोधडी मान्य. आठ तुकड्यांची आहे. कॅमेरा उभा धरून, ५० मिमीच्या लेन्सने, शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सामाईक राहील असे आठ फोटो घेतले, त्यातून दीडशे अंशांचा देखावा शिवला. शिवण दिसत असेल तर दोष माझा.

रंगाचं मात्र मान्य नाही. पाणी लाल प्रकाश आधी गिळतं, निळा सगळ्यांत उशिरा. लगूनच्या तळाशी पांढरी प्रवाळी वाळू असते (तिचा बराचसा भाग प्रवाळ कुरतडणाऱ्या पॅरटफिशच्या पोटातून गेलेला असतो, पण ते असो). प्रकाश तळापर्यंत जातो, वाळूवर आपटून परत येतो, म्हणजे दोन मीटर खोलीला चार मीटरचा प्रवास. तेवढ्यात लाल बराच गळतो आणि उरतो तो पोपटी-निळा. प्रवाळभिंतीपलीकडे तळ एकदम खोल जातो, प्रकाश परत पाठवणारी वाळूच नाही, म्हणून तिथे शाईसारखा गडद निळा. रंग बदलतो तिथे बहुतेक वेळा खोली बदललेली असते. मी केलं ते एवढंच, की व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरं कशाला मानतो ते) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर, म्हणजे उन्हाच्या सेटिंगवर, बांधून टाकला. ऑटोवर ठेवला असता तर जो फोटो पाण्याने भरलेला त्याला कॅमेऱ्याने पिवळट केलं असतं, जो आकाशाने भरलेला त्याला वेगळं काही, आणि मग गोधडी खरोखरच ठिगळांची दिसली असती. एक्स्पोजर आणि फोकसही त्याच कारणाने बांधलेले होते.

आकाशातला डाग. हा मुद्दा पूर्णपणे तुमचा. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) लावायला नको होता. पाण्यावरची चकाकी कमी करायला मी तो लावला, पण सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश त्याने सगळ्यांत जास्त काळवंडतं. साध्या फोटोत ते खपून जातं. दीडशे अंशांच्या फोटोत मात्र तो पट्टा नेमका चौकटीतच येऊन बसतो. सूर्य ईशान्येला होता, म्हणून डाग वायव्येला, म्हणजे चित्राच्या डावीकडे. आणि मिळवलं काय? पाण्याची चकाकी सगळ्यांत जास्त कापली जाते ती पृष्ठभागाकडे साधारण ३७ अंशांतून पाहताना. मी उभी होते त्या टेकडीवरून लगून दिसतं ते फार तर पंधरा-वीस अंशांतून. थोडक्यात, अर्ध्या फायद्यासाठी पूर्ण नुकसान.

उजवीकडचं धुतलेलं पाणी हीदेखील माझीच चूक, पण ती कॅमेऱ्याची नव्हे, कॅलेंडरची. मोओरेआ विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेसतरा अंशांवर आहे. जुलैत तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि डोक्यावरही येत नाही, पन्नास अंशांच्या आसपास अडतो. मी उभी होते उत्तर किनाऱ्यावरच्या टेकडीवर, तोंड समुद्राकडे, म्हणजे उत्तरेकडेच. सकाळचे दहा वाजलेले, त्यामुळे उजव्या टोकाला सूर्य जवळजवळ समोर आणि खालच्या पाण्यावर त्याचा आरसा. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जवळपास माथ्यावर, किंचित पाठीमागे असतो. तेव्हा सरळ खाली उतरणारा प्रकाश तळापर्यंत पोचतो आणि सगळं लगून एकसारखं उजळतं. पण तो पावसाळा. डोंगरांवर ढग अडकून बसतात आणि पाण्यावर त्यांच्या सावल्यांचे काळे डाग पडतात. कोरडे दिवस हवेत की वरून येणारा सूर्य, यातलं एक निवडावं लागतं. मी सुट्टी निवडली होती, सूर्य नव्हे.

वाकलेल्या भिंतीबद्दल. भिंतीवर फुटणाऱ्या लाटांच्या फेसाची रेघ तिथे बरीच लांब जवळजवळ सरळ जाते, हे तुमचं बरोबर. चित्रात ती मध्ये खाली झोकलेली आणि दोन्ही कडांना क्षितिजाकडे चढलेली दिसते, कारण समोरचा भाग जवळ आहे आणि कडेचे भाग दूर. गोल खांबाला चिकटवलेलं पोस्टर सोलून भिंतीवर लावावं तसा हा प्रकार आहे: खांबाच्या मध्यभागी उभं राहून पाहिलं तर सगळं जागच्या जागी, सपाट केलं की रेघा वाकणार. रेघ सरळ ठेवणारी पद्धतही आहे, मी करून पाहिली. दीडशे अंशांत कडेचे माड रबरासारखे आडवे ताणले गेले. वाकलेली भिंत की आडवे माड? मी भिंत वाकवली. क्षितिज मात्र सरळ आहे, ते तपासून पाहा. ते कॅमेरा पातळीत ठेवल्याने सरळ राहतं, आणि ट्रायपॉड होता तो त्यासाठी.

बाकी ट्रायपॉडच्या बाबतीत तुमच्याशी भांडणार नाही. समोर जवळचं काही नसेल तर हातात धरूनही काम भागतं. जवळ फांदी असेल तेव्हा मात्र कॅमेरा स्वतःभोवती न फिरवता लेन्समधल्या ठरावीक बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर प्रत्येक फोटोत ती फांदी मागच्या समुद्रावर वेगळ्या जागी पडते आणि शिवताना तुटते. मोबाइल अरुंद उभ्या पट्ट्या जोडत जातो. दूरच्या डोंगराला ते छान, वाऱ्यात हलणाऱ्या झावळीला नाही.

आता डोंगर. ते माझ्या पाठीशी होते. नोव्हेंबर १८३५मध्ये चार्ल्स डार्विन ताहितीच्या उतारावर चढला आणि समुद्रापलीकडे त्याला हेच बेट दिसलं. त्याने नोंदवलेली उपमा चौकटीतल्या चित्राची आहे: फुटणाऱ्या लाटा ही चौकट, शांत लगून हा चित्राभोवतीचा कोरा कागद, आणि मधलं बेट हे चित्र. तुम्हाला हवा आहे तो हा देखावा, आणि तो बेटाबाहेरूनच दिसतो. मी चित्राच्या आत उभी राहून चौकटीकडे कॅमेरा धरला होता. तिथून चौकटीची एकच बाजू दिसते. ३६० अंश फिरले असते तर मागे हिरवी भिंत आली असती, लगून नव्हे.

राहिली होडी. तिसरा फोटो झाला आणि एक ढग लगूनवर आला. सावली सरकेपर्यंत दोनेक मिनिटं मी थांबले आणि मग चौथ्यापासून पुढे सुरू केलं. त्या दोन मिनिटांत उलांडीची ती होडी वल्हवणारा माणूस डावीकडून उजवीकडे बराच पुढे गेला होता. शिवून झाल्यावर चित्रात दोन होड्या होत्या, दोन्हींत तोच माणूस. डावीकडची मी पुसली, कारण उजवीकडची भिंतीच्या वळणाशी जास्त शोभत होती. त्या जागचं पाणी शेजारून उचलून भरलेलं आहे. सबंध चित्रात मी हाताने बदललेली जागा ती एकच.

दोन होड्यांची प्रत आज रात्री मूळ लेखाखाली टाकते, पोलरायझरच्या डागासकट.