कॉफीने शुगर टळते का? फोंड्याच्या कट्ट्यावरचा वाद

"कॉफी पिणाऱ्याला शुगर होत नाही, हे आता सिद्ध झालंय." उल्हासबाबांनी मोबाईल मंगेशच्या नाकासमोर धरला. "वाच. दिवसाला तीन-चार कप. डॉक्टर लोकांनीच लिहिलंय."

मंगेशने वाचायच्या आधीच दत्ताने विचारलं, "कोणाला कॉफी पाजून दहा वर्षं वाट बघितली का? की नुसतं विचारलं, बाबा तू किती पितोस?"

वरच्या बाजारातला आमचा कट्टा म्हणजे चहाच्या गाड्याला लागून असलेला सिमेंटचा ओटा. उल्हासबाब फेरीबोटीवरची नोकरी संपवून घरी बसलेत, दत्ताची फार्मसी आहे, शैलाताई तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या आणि मंगेश दिवसा रिक्षा चालवतो, रात्री जत्रेच्या नाटकाची तालीम घेतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे वाद आरोग्याचा निघाला की शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. त्या संध्याकाळी मात्र मला बोलायला वेळच मिळाला नाही. दत्ता सुटला होता.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. कॉफी आणि मधुमेहावरचे बहुतेक मोठे अभ्यास असेच झालेत: हजारो माणसांना खाण्यापिण्याबद्दल विचारायचं, मग वर्षानुवर्षं कोणाला काय होतं ते बघायचं. त्यात कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी आढळतो, आणि एकदा नव्हे, बऱ्याच देशांत आढळलाय. पण जो माणूस कॉफी पितो तो आणखी काय काय करतो? ज्याला आधीच पित्त किंवा छातीत धडधड आहे, त्याने कॉफी सोडलेली असते. मग 'न पिणाऱ्यां'च्या रांगेत आजारी माणसं जास्त भरतात आणि पिणारे आपोआप धडधाकट दिसतात.

पूर्वी हेच उलट्या बाजूने झालं होतं. जुन्या काळच्या पुष्कळ अभ्यासांत कॉफी हृदयाला वाईट ठरली, कारण कॉफी पिणारे सिगारेटही जास्त ओढायचे. दोष धुराचा, नाव कॉफीचं. सिगारेटचा हिशेब वेगळा काढल्यावर चित्र पालटलं.

"म्हणजे तेव्हा चुकले, आता बरोबर आले," उल्हासबाब म्हणाले.

"किंवा आताही थोडे चुकत असतील. डेन्मार्कवाल्यांनी एक वेगळी युक्ती केली," दत्ता म्हणाला. २०१५ साली छापून आलेला तो अभ्यास त्र्याण्णव हजारांवर माणसांचा होता. काही जणांना जन्मतःच अशी जनुकं मिळालेली असतात की त्यांचा कॉफीकडे ओढा जास्त. ही जनुकं काही शिक्षण, पगार, सिगारेट बघून वाटली जात नाहीत. कॉफीच मधुमेह अडवत असेल, तर या जनुकांच्या लोकांत तो कमी दिसायला हवा. तसा तो दिसला नाही.

मला तर हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आणखी एक गोष्ट आहे. कॅफीन काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांतही मधुमेह कमी दिसतो. म्हणजे खरोखर फायदा असलाच, तर तो कॅफीनचा नसावा, बीमधल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या दुसऱ्या कशाचा तरी असेल. उलट कॅफीनचा तात्पुरता परिणाम तर इन्सुलिनचं काम थोडं अवघड करण्याचाच आहे. ज्यांना शुगर आहे त्यांच्यापैकी काहींना कॉफीनंतर आकडा चढलेला दिसतो, तो यामुळेही असतो.

शैलाताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "उल्हासबाब, तुमचा मेसेज कुठल्या देशातला ते मला माहीत नाही. आपल्या गोव्याचं सांगते. २०२३ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची पाहणी आली. शुगरमध्ये पहिला नंबर कोणाचा? आपला. २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. वीस वर्षांवरच्या चार माणसांत एकाला. इथे आपण पाच जण आहोत."

यावर कोणी काही बोललं नाही. उल्हासबाबांच्या गोळ्या चालू आहेत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मग शैलाताईंनी गाड्यावरच्या पोराला हाक मारली आणि त्याचा साखरेचा चमचा मागितला. तो आधी लाजला, मग चमचा पुसून दिला. शेजारच्या किराणा दुकानात डिजिटल काटा होता. त्यावर कागद ठेवून शैलाताईंनी पोराला सांगितलं, "तू उल्हासबाबांच्या ग्लासात घालतोस तशीच घाल, माझ्यासाठी हात आखडू नकोस." त्याने डब्यात चमचा खुपसला, वर शीग राहिली तशीच कागदावर उपडी केली, आणि दुसरा चमचा. काट्यावर १३ ग्रॅम आले. इन्स्टंट कॉफीची पूड मात्र त्याने चिमटीने घातली. ती काट्याला कळलीच नाही, आकडा १३ च राहिला. मग 'साखर कमी' म्हणून सांगितल्यावर काय घालतोस, ते मंगेशने विचारलं. पोराने एक चमचा घातला, तोही शिगेचा.

हिशेब मी तिथेच तोंडी केला. दिवसाला तीन ग्लास म्हणजे ३९ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत आणलीत तर अधिक बरं. साधारण खाणाऱ्या माणसाला हे दुसरं माप २५ ग्रॅमच्या आसपास पडतं. म्हणजे नुसत्या कॉफीतच ते ओलांडलं. बिस्किट, शिरा, चवथीची नेवरी (करंजी) अजून यायचीच आहे. ज्या कॉफीचे गुण गायले जातात ती सहसा आपल्याइतक्या साखरेची नसते. आपण पितो ते साखरेचं दूध, कॉफीच्या वासाचं. त्या अभ्यासाचं पुण्य आपल्या ग्लासाला लागू होत नाही, हे मी त्या दिवशी ठासून सांगितलं आणि आजही सांगेन.

उल्हासबाब चिडले नाहीत, पण हटलेही नाहीत. "ठीक. साखर सोडू. पण कॉफीचं भलं काहीच नाही, असं तुम्ही म्हणता?"

असं कोणीच म्हणत नव्हतं, आणि इथे त्यांना न्याय द्यायला हवा. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला. आधीच्या दोनशेवर एकत्रित विश्लेषणांचं पुन्हा एकत्रीकरण. अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला तीन कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका १७ टक्के कमी होता. त्याहून जास्त कप पिऊन फायदा वाढत नव्हता, पण मोठं नुकसानही दिसत नव्हतं. यकृताच्या बाबतीत तर पुरावा बराच सलग आहे; सिऱ्होसिस (यकृत कडक होत जाणं) आणि यकृताचा कर्करोग कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळतो. पार्किन्सनचंही, म्हणजे कंपवाताचंही, तसंच. अर्थात दत्ताचा आक्षेप इथेही लागू आहेच.

कर्करोगाची भीती तर अधिकृतपणे मागे घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत कॉफीला 'शक्यता आहे' या यादीत टाकलं होतं. २०१६ मध्ये हजारावर अभ्यास तपासून तिला त्या यादीतून काढलं. मात्र त्याच वेळी ६५ अंशांहून गरम कुठल्याही पेयाबद्दल इशारा दिला. तेवढं कढत पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. गाड्यावर उकळी फुटल्या फुटल्या ग्लास तोंडाला लावणारे आमच्यात दोघं आहेत. ते कोण, हे त्यांना माहीत आहे.

"मला एक सांगा," मंगेश म्हणाला, "दोन कॉफ्या झाल्या की माझं काळीज मध्येच एक ठोका चुकवल्यासारखं करतं. हे मनाचं की खरं?"

हे खरं असू शकतं, आणि यावर पाजून बघितलेला अभ्यास आहे, म्हणून मला तो आवडतो. अमेरिकेत शंभर निरोगी माणसांना चौदा दिवस अंगावर यंत्रं लावून ठेवलं. कोणत्या दिवशी कॉफी प्यायची, कोणत्या दिवशी नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके कॉफीने लक्षणीय वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले वाढले: कॉफीच्या दिवशी १५४, बिनकॉफीच्या दिवशी १०२. कॉफीच्या दिवशी माणसं हजारभर पावलं जास्त चालली आणि रात्री ३६ मिनिटं कमी झोपली. निरोगी माणसाला असे थोडे जादा ठोके सहसा घातक नसतात. पण मंगेशने एकदा ईसीजी काढून घ्यावा, हे शैलाताईंनी त्याच्याकडून तिथेच कबूल करून घेतलं.

मग झोपेवर घसरलो, कारण तालमीचा विषय निघणारच होता. जत्रा जवळ आली की मंगेशची मंडळी देवळाच्या मंडपात बारा-साडेबारापर्यंत तालीम करतात, आणि रात्री दहाला कॉफीचा थर्मास फिरतो. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच आपल्याला पेंग येते. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये कोणी रुमाल टाकून जागा अडवावी तसं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा गेलेला नसतो, त्याला बसायला जागा मिळालेली नसते. आणि हा रुमाल लवकर निघत नाही. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, काहींना दोनच, काहींना नऊ. यकृतातलं एक एन्झाइम ते काम करतं आणि त्याचा वेग ज्याचा त्याचा वेगळा. सिगारेट ओढणाऱ्याचा जास्त, गरोदर बाईचा बराच कमी. "मी तर रात्री कॉफी पिऊनही घोरतो," असं सांगणारा खोटं बोलत नाही. फक्त त्याने दुसऱ्याला तो सल्ला देऊ नये. झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या भरपूर कॅफीनने झोप तासाभराने कमी झाल्याचं प्रयोगात दिसलंय, आणि ज्यांची झोप गेली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते जाणवलंही नव्हतं.

"मग माप काय धरायचं?" दत्ताच्या दुकानात रोज विचारला जाणारा प्रश्न त्यानेच विचारला. युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन चालेल म्हणते. आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ३०० वर थांबते. तिच्याच हिशेबाने १५० मिलीच्या फिल्टर कॉफीच्या कपात ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटच्या कपात ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५. चहाचा हिशेब यात धरायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात. दोन फिल्टर कॉफ्या आणि चार चहा झाले तर आपण कुंपणापाशी आलो, कदाचित पलीकडेही गेलो. फिल्टर कॉफीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असेल तर कॅफीन थोडं कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यांनी मात्र पाण्यात पूड घालून उकळलेली, न गाळलेली कॉफी टाळावी. तिच्यातलं तेल एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. कागदाच्या फिल्टरने ते जवळजवळ सगळं अडतं.

शैलाताईंचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, आणि तो या सगळ्या आकड्यांपेक्षा मला जास्त पटला. "कॉफी चांगली की वाईट, हे पुरुष कट्ट्यावर बसून भांडतात. माझ्या वॉर्डात येणाऱ्या पोरी हिमोग्लोबिन आठवर घेऊन यायच्या. लोहाची गोळी दिली की घरी जाऊन कशाबरोबर घ्यायच्या? चहा नाहीतर कॉफीबरोबर. सासू सांगायची, गोळीने मळमळतं तर वर गरम काहीतरी घे." चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात उतरू देत नाहीत. म्हणूनच पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास दोन्ही टाळायला सांगते. आणि गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन नको, कारण बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसतो. मघाशी सांगितलेल्या २०१७ च्या आढाव्यातही गरोदर बायकांना वगळूनच कॉफीला निर्धोक म्हटलंय. उल्हासबाबांच्या मेसेजमध्ये ही ओळ नव्हती. आम्ही वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून बघितलं.

बीपीचंही तसंच अर्धवट होतं. रोज पिणाऱ्याचं शरीर सरावतं, साधारण बीपी असलेल्याला कपभर कॉफीने मोठा फरक पडत नाही. पण जपानमधल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांचं बीपी १६०/१०० किंवा त्याहून वर होतं त्यांच्यात रोज दोन वा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांचा हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. हाही पाहणीचाच अभ्यास, दत्ताचा आक्षेप यालाही लावायचा. तरीही १६० च्या वर बीपी घेऊन फिरणाऱ्याने आधी गोळी नियमित करावी, कॉफीच्या गुणांवर नंतर बोलावं.

"कॉफी न पिणाऱ्याने शुगरच्या भीतीने आता सुरू करावी का?" हा प्रश्न मी विचारला, कारण तो मेसेज नेमकं तेच सांगत होता. दत्ता नाही म्हणाला, शैलाताई नाही म्हणाल्या. उल्हासबाब म्हणाले, "माझी सुनबाय पीत नाही, तिला मी सांगणार होतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तिला सहावा महिना चालू आहे, तर हा मेसेज तिला पाठवलाय तो कसा काढायचा. दत्ताने मोबाईल हातात घेतला. मेसेज पाठवून तीन दिवस होऊन गेले होते, तिच्याकडून आता तो पुसता येत नव्हता. "मग फोनच करा," शैलाताई म्हणाल्या, "आणि लोहाची गोळी कशाबरोबर घेते तेही विचारा."

मंगेशचा थर्मास आठवर आणायचा की तालीमच अकराला संपवायची, यावर मात्र एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, दुसरा अंक अकराच्या आत बसत नाही.