पाच व्होल्टचा जावई

कूलरच्या टाकीत पाणी किती उरलं ते दाखवायला सोळा बाय दोनचा एलसीडी (दोन ओळी, ओळीत सोळा अक्षरं मावणारी छोटी पाटी) लावावा, इतकी साधी इच्छा. पण तो जोडायला बसलं की मला घरी नवा जावई उतरल्यासारखं वाटतं. कमी पडलं तर तोंड फुगवतो, जास्त झालं तर कायमचा जातो. आणि काय बिनसलं ते लिहून दाखवायचं काम ज्याचं, तोच मुका!

याच्या पोटात बहुधा अक्षरं उमटवणारी एचडी४४७८० चिप असते, नाहीतर तिचं चुलत भावंड. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, कमाल मर्यादा ७ व्होल्ट लिहिलेली दिसली की हौशी माणूस म्हणतो, "सात चालते न बावा, मग सहा लावू!" सात हा जीव वाचण्याचा आकडा. सावजीचा रस्सा वाटीभर पिऊनही माणूस जगतो, म्हणून सकाळी चहाऐवजी तोच घ्या असं कोणी म्हणत नाही. काम करायची मर्यादा दुसऱ्या तक्त्यात आहे: चिपला २.७ ते ५.५. पाच व्होल्टचं मॉड्यूल असेल तर ४.५ च्या खाली आणि ५.५ च्या वर जायचंच नाही.

जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडाप्टरवर '९ व्होल्ट' छापलेलं असतं, लोड नसताना मीटर बारा-तेरा दाखवतो. तेव्हा आधी मीटर, मग वायर. मध्ये ७८०५ टाकावा, म्हणजे बाहेर नेमके ५ व्होल्ट सोडणारा रेग्युलेटर. त्याला आत किमान ७ लागतात. १२ दिले तर वरचे ७ व्होल्ट निव्वळ उष्णता. १०० मिलिअँपला ०.७ वॅट, म्हणजे हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी नसेल तर) अंगात खोलीपेक्षा पंचेचाळीसेक अंश जास्त ताप. खोली आधीच बेचाळीसवर. बोट लावून पाहणाऱ्याला निकाल लगेच कळतो.

मग कोणीतरी काटकसर करून ३.३ देतं. चिप चालते हो, अक्षरं दाखवणारी काच चालत नाही. काचेला २ नंबरची पुरवठ्याची पिन आणि ३ नंबरची कॉन्ट्रास्टची (अक्षरांचा गडदपणा ठरवणारी) पिन यांच्यात साधारण ४.५ व्होल्टचा फरक हवा. ३ नंबर ग्राउंडला टेकवली तरी फरक ३.३च! पाटी कोरी, आणि बिचारा माणूस रात्रभर प्रोग्राम बदलतो. तिसऱ्या पिनला उणे सव्वा व्होल्ट देणं हा उपाय आहे. माझ्या मते ३.३ चंच मॉड्यूल आणलेलं बरं.

डिस्प्ले पाचचा आणि त्याला हुकूम देणारा कंट्रोलर ३.३ चा असेल, तर सिग्नल चिपला कळतो, तिला २.२ पुरतात. फक्त ५ नंबरची आरडब्ल्यू (वाचा की लिहा ठरवणारी) पिन ग्राउंडला बांधा. ती मोकळी राहिली तर जावई कंट्रोलरला ५ व्होल्टने उलट उत्तरं देतो. डिस्प्लेच्या मागे पीसीएफ८५७४ चं (वायरी कमी करणारं) बोर्ड असेल तर त्याला ३.५ लागतात, तिथे सिग्नल ३.३ वरून ५ वर चढवणारा लेव्हल शिफ्टर.

कॉन्ट्रास्टला १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टर: दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली ३ नंबरला. तिथे अर्धा ते एक व्होल्ट आला की अक्षरं उमटतात. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन म्हणजे वीज पोचली, प्रोग्राम नाही.

प्रीसेटऐवजी पक्का रेझिस्टर सोल्डर करण्याची घाई मात्र नको. तापल्यावर काच कमी व्होल्टवरच काळवंडते. डिसेंबरात सुबक दिसणारी अक्षरं नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, काळ्या पाटीत बुडतात. साध्या काचेची मर्यादाही ५० अंशांची, त्यामुळे कूलरच्या उन्हाकडच्या बाजूला डबा लावूच नये. सावलीत लावा आणि झाकणाला पेचकस जाईल एवढं भोक ठेवा. नवतपा लागला की प्रीसेट किंचित एकीकडे, दिवाळीनंतर किंचित दुसरीकडे.