जहाजामागचा फेस आवाज गिळतो का?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात गेल्या आठवड्यात एकच संदेश तिघांनी टाकला. त्याचा आशय असा : जहाजामागे उमटणाऱ्या फेसाळ पट्ट्यातले बुडबुडे आवाज गिळतात, त्यामुळे जहाजाचा आवाज जागीच विरतो, देवमाशांना त्याचा त्रास होतो ही आवई आहे, फेस विरला की पाणी पूर्ववत होते, आणि पाणबुडी त्या पट्ट्याखाली शिरली की ती कुणालाच सापडत नाही.

यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि खोडून काढायला तेच सर्वांत अवघड. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४० मीटर. दोन्ही मिसळले तर वेग मधेच कुठेतरी असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पाण्यात आकारमानाने १ टक्का हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात असली, तरी कमी वारंवारतेच्या आवाजाचा वेग १२० मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या हवेतल्याहूनही खाली येतो, कारण मिश्रण पाण्याइतकेच जड राहते, पण दाबले जाण्यात हवेसारखे मऊ होते. पुण्यात समुद्र नसला तरी हे ओट्यावर ऐकता येते. कपभर कढत पाण्यात इन्स्टंट कॉफी ढवळावी आणि लगेच चमच्याने कपाच्या बुडावर टकटक करत राहावे. सुरुवातीचा आवाज खालच्या पट्टीचा असतो, आणि बुडबुडे वर निघून जातील तशी त्याची पट्टी चढत जाते. मी हा प्रयोग तीनदा केला. कॉफी मात्र प्रत्येक वेळी निवली.

परंतु वेग बदलणे म्हणजे आवाज गिळणे नव्हे. बुडबुडा आवाज खरा शोषतो आणि विखुरतो तो मुख्यतः स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ, म्हणजे ज्या वारंवारतेला तो आपोआप कंप पावतो तिच्याजवळ; तिचे सूत्र डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी १९३३ मध्ये मांडले. पृष्ठभागाजवळ १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी ती सुमारे ३ किलोहर्ट्‌झ येते आणि बुडबुडा जितका लहान तितकी ती वाढते. उलट मालवाहू जहाजाच्या आवाजाचा मोठा भाग काहीशे हर्ट्‌झच्या खाली असतो. ५० हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात ३० मीटर असते. तिच्यापुढे जहाजामागे पसरलेला, पुढे हवेचे प्रमाण १ टक्क्याहून कितीतरी कमी होत जाणारा काही मीटरांचा थर तो काय अडवणार? शिवाय पट्टा मागे असतो, आवाज मात्र खाली आणि दोन्ही बाजूंनाही जातो. त्या आवाजाचा मोठा वाटा जहाजाला ढकलणाऱ्या पंख्याजवळ कमी दाबाने तयार होऊन फुटणाऱ्या बाष्पाच्या पोकळ्यांचाच असतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

देवमाशांबद्दलचे विधान इथेच कोसळते, कारण मोठे देवमासे ज्या खालच्या पट्टीत एकमेकांना साद घालतात, तीच जहाजांची पट्टी आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने पाण्याखालचा आवाज कमी करण्यासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. गोंधळाचे मूळ बहुधा उत्तर समुद्रातल्या बुडबुड्यांच्या पडद्यात असावे. तिथे पवनचक्क्यांचे खांब ठोकताना भोके पाडलेली नळी तळावर अंथरून कॉम्प्रेसरने सतत हवा सोडतात, आणि आवाज खरोखर बराच घटतो. पण तो पडदा खांबाला चहूबाजूंनी वेढतो.

फेस विरल्यावर पाणी पूर्ववत होते, हेही खरे नाही. मोठे बुडबुडे लगेच वर येतात, पण ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतो. पाच मीटर खोलीवरून वर यायला त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वेगाचे जहाज जवळपास सात किलोमीटर पुढे गेलेले असते. डोळ्यांना काही दिसत नसले तरी उच्च वारंवारतेच्या सोनारला, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राला, हा माग दिसतो.

पाणबुडीला त्या पट्ट्याचा थोडा आडोसा मिळू शकतो, कारण वरून सोडलेला तीक्ष्ण सोनार-आवाज तिथे विखुरतो. तिच्या यंत्रांचा खालच्या पट्टीतला आवाज मात्र दबत नाही. आणि लपण्याच्या या जागेचा शस्त्रनिर्मितीत नेमका उलटा उपयोग केला गेला आहे : सोव्हिएत ५३-६५ टॉर्पेडोसारखी अस्त्रे खालून वर सोनार रोखून बुडबुड्यांचा पट्टा हुंगतात, तो पुन्हा पुन्हा ओलांडत पुढे सरकतात आणि जहाजापर्यंत पोहोचतात.